गाळलेलं पाणी

डब्याचं सील अजून तसंच होतं.

आण्णांनी तो पांढरा डबा ट्रेलरच्या कप्प्यातून बाहेर ओढला, झाकणावरून अंगठा फिरवला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. सगळे म्हणजे सोलापूरच्या यात्रा मंडळाचे दोशीकाका, त्यांच्याबरोबर आलेले दोघे सदस्य, आणि धर्मशाळेच्या ओसरीवर दात घासत उभे असलेले यात्रेकरू. कुंथलगिरीच्या पायथ्याशी सकाळचं ऊन नुकतं कुठं पटांगणात उतरलं होतं.

"हे काय आहे, भरतेश?"

"बॅटरीचं पाणी," मी म्हणालो.

"मग ते बॅटरीत का नाही?"

आमच्या आण्णांचा आवाज लेथच्या घरघरीवर चढायची सवय असलेला. पटांगणात तो चढवायचं काही कारण नव्हतं, पण तो चढला. ओसरीवरच्या एका बाईंनी तोंडातला ब्रश बाहेर काढला, नीट ऐकू यावं म्हणून. मी लग्नाच्या वयाचा, मिशा फुटून जुन्या झालेला माणूस, आणि पाढा विसरलेल्या पोरासारखा हात मागं बांधून उभा होतो. कान इतके तापले होते की त्यांवर पापड भाजला असता.

त्या डब्याची हकिकत सांगायची तर थोडं मागं जायला हवं.

आमचं वर्कशॉप जयसिंगपूरला. उसाच्या ट्रॉल्या बांधणं हा आण्णांचा, म्हणजे भूपाल मगदूमांचा, धंदा. मी त्यांचा एकुलता एक मुलगा आणि घरचा आरंभशूर. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेही बसलं. आण्णा चारचौघांत म्हणायचे, ह्याच्या हातात दिली की वस्तू मुकी होते. हे ते हसत म्हणायचे आणि लोकही हसायचे. मीही हसायचो, कारण दुसरं काय करणार.

घरात सगळ्यांच्या वर होती ती अक्का, आण्णांची थोरली बहीण. तिचं लग्न कोवळ्या वयात झालं, नवरा लवकर गेला आणि ती माहेरी परत आली. त्याच सुमारास आण्णांची आई वारली. पाळण्यातल्या आण्णांना अक्कानंच वाढवलं. आण्णा गावातल्या कुणालाही उलट बोलायचे, पण अक्कापुढं त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

आम्ही जैन, पण अक्काचे नियम जैनांतही कडक होते. सूर्य मावळल्यावर तोंडात काही नाही. पाणी प्यायचं ते स्वतः विहिरीतून ओढलेलं, जाड कापडाच्या दुहेरी घडीतून गाळलेलं, उकळलेलं. गाळल्यावर ते कापड उलटं करून त्यातले जीव ती पुन्हा विहिरीत सोडायची, हलक्या हातानं, बादलीतून. माझी आई पन्नाशीची झाली तरी तिनं भरलेलं पाणी अक्का पीत नसे. आणि एक नियम तिनं स्वतःच घेतलेला होता. आपल्या हातून कुणाचं नुकसान झालं तर त्या दिवशी पाणीसुद्धा नाही आणि देवळाच्या पायरीला पाय नाही. एकदा शेजारच्या काकूंची लोणच्याची बरणी तिच्या हातून फुटली. ऐन वैशाखात ती दिवसभर कोरडी राहिली आणि संध्याकाळी चक्कर येऊन न्हाणीत पडली. घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नव्हतं.

असल्या नियमांच्या बाईनं कुठं जायचं? सत्तरी उलटली तरी तिनं आमच्या तालुक्याबाहेर मुक्काम केला नव्हता. तिची इच्छा एकच होती, कुंथलगिरीचा डोंगर चढून एकदा दर्शन घ्यायचं. शेवटी आण्णांनी ठरवलं की अक्का तिची चूल सोडत नसेल तर चूलच बरोबर न्यायची. उसाच्या ट्रॉलीच्या साच्यावर त्यांनी एक कॅम्पर ट्रेलर बांधला. बोलेरोच्या मागं जोडायचा. आत झोपायला दोन बाक, ओटा, मोरी, पंखा, दिवे, टाकीतलं पाणी वर चढवणारा छोटा पंप. अक्काच्या बाकाखाली लाकडी पेटीत मोठी बॅटरी. अक्का त्याला ट्रेलर कधीच म्हणाली नाही. "आमची खोली" म्हणायची.

ही खोली बघायला गाव लोटलं. सांगलीच्या एका लग्नात दोशीकाकांनी ती पाहिली आणि दोनदा आत जाऊन आले. त्यांच्या मंडळात अशी कितीतरी म्हातारी माणसं होती, खाण्यापिण्याच्या नियमांपायी घरात अडकलेली. तुमची ही यात्रा नीट पार पडू दे, ते आण्णांना म्हणाले, मी कुंथलगिरीला येऊन बघतो, आणि पटलं तर मंडळासाठी असे ट्रेलर तुमच्याकडूनच बांधून घेऊ.

त्या दिवशी जेवताना आण्णा मला म्हणाले की हे काम आलं तर ते माझं. वेगळी शेड, वेगळी पाटी, मालक मी. पण त्याआधी ही एक यात्रा माझ्या अंगावर. गाडी ते चालवणार, ट्रेलर मी सांभाळायचा. तो बिघडला तर ते परत कधी विचारणार नाहीत, आणि मीही विचारायचं नाही. मी घास हातात धरून नुसती मान हलवली. रात्री पडल्या पडल्या पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता, हिरव्यावर पिवळी अक्षरं.

आण्णांनी बॅटरीचा धडा मला तीनतीनदा दिला. बॅटरी म्हणजे दुभती म्हैस, शेवटच्या थेंबापर्यंत पिळायची नाही. अर्ध्यावर आली की दिवे बंद. गाडी चालू असताना गाडीकडून चार्ज होईल, मुक्कामाला धर्मशाळेतून वायर ओढून चार्जर लावायचा. टोकांवर पांढरं फुटलं तर सोड्याच्या पाण्यानं पुसायचं आणि वर व्हॅसलिन लावायचं. रोज सहाही बुचं काढून पाणी बघायचं. कमी असेल तर डब्यातलं डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, नळाचा एक थेंबसुद्धा नाही. आतलं आम्ल किती कडक आहे ते मोजायची काचेची नळी मात्र त्यांनी स्वतःच्या पेटीत ठेवली. म्हणाले, तुझ्या हातून फुटेल.

म्हशींमुळं आई घरी राहिली. आम्ही तिघं निघालो. आधी बाहुबली, मग दहीगाव, मग कुंथलगिरी. वाटेत जिथं अक्काला विहीर पटेल तिथं मुक्काम. मी आयुष्यात इतकं मन लावून काही केलं नव्हतं. धर्मशाळेत पोचलो की आधी प्लग शोधायचो, मग चहा. रोज सकाळी अक्काचं अंथरूण गुंडाळून बाकाची फळी उचलायची आणि टॉर्चनं एकेका खणात डोकावायचं. पहिल्याच दिवशी अक्का मागं येऊन उभी राहिली.

"काय बघायलास त्यात?"

"पाणी हाय का बघतोय."

"पाणी पितंय व्हय हे?"

"पितंय की. राबलं की जास्तच पितंय," मी म्हणालो. तिला चिडवायची मला लहानपणापासूनची सवय.

ती हसली नाही. रात्रभर आपल्यासाठी पंखा फिरवतंय बिचारं, एवढंच म्हणाली, आणि कळशी घेऊन विहिरीकडं गेली.

पाण्याची मला कधीच चिंता पडली नाही. बघावं तेव्हा सहाही खण भरलेले. आण्णा विचारायचे, पाणी? मी म्हणायचो, भरपूर. ते ट्रेलरकडं न बघताच मान डोलवायचे. बॅटरी नवी आहे म्हणून पाणी कमी खाते, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि डबा फोडायची वेळच आली नाही. दहीगाव सोडल्यावर बॅटरीच्या डोक्यावर ओल दिसायला लागली, पेटीच्या तळाशी पांढरी भुकटी साचायला लागली. रस्त्याच्या खाचखळग्यांत हिंदकळत असेल, असं समजून मी सोड्याच्या पाण्यानं पुसत राहिलो. पंखा पहाटे जरा सुस्त फिरतोय असंही वाटलं होतं. पण रोज चार्ज होते आहे, पाणी भरलेलं आहे, मग आणखी काय बघायचं? बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या मीटरचा काटा तर चार्जर लावला की टुणकन वर जायचा.

कुंथलगिरीला आम्ही संध्याकाळी पोचलो. दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. अक्का त्या सकाळी डोंगर चढणार होती. पांढरं लुगडं घडी करून उशाला ठेवलेलं होतं आणि रात्री तिला नीट झोपही लागली नाही. आणि त्याच सकाळी दोशीकाका आले.

आण्णांनी त्यांना सगळं हौसेनं दाखवलं. ओटा दाखवला, मोरी दाखवली, पायऱ्या कशा आत सरकतात ते स्वतः सरकवून दाखवलं. मग म्हणाले, आता आत या, पंखा लावतो. बटण दाबलं. पंख्यानं एक आळस दिल्यासारखा अर्धा फेरा घेतला आणि थांबला. दिव्याची तार नुसती लाल झाली. पंपाचं बटण दाबलं तर आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि तोही विरला. रात्रभर मी चार्जर लावलेला होता. सकाळी काढला तेव्हा काटा वर होता. हे मी बोलायच्या आत आण्णांनी खालचा कप्पा उघडला होता आणि तो डबा बाहेर आला होता.

"मग ते बॅटरीत का नाही?" हा प्रश्न तिथला.

"पाणी भरलेलं होतं, आण्णा," मी म्हणालो. "घालायची गरजच पडली नाही."

"पंधरवडाभर? ह्या उन्हात?"

ते तरातरा आत गेले, अक्काचं अंथरूण बाजूला सारून फळी उचलली आणि बुचं काढली. सहाही खण काठोकाठ भरलेले होते. मला क्षणभर बरं वाटलं. आण्णांनी मात्र आपल्या पेटीतून ती काचेची नळी आणली, रबराचा फुगा दाबून एका खणातलं पाणी ओढलं. नळीतला तरंगता काटा तळाला जाऊन बसला. दुसऱ्या खणात तेच. तिसऱ्यात तेच. आम्ल असं आत उरलंच नव्हतं. चार्जिंगला उकळ्या फुटून ते काठावरून सांडून गेलं होतं आणि आत राहिलं होतं ते नुसतं पाणी.

आण्णा बाहेर आले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"डब्याला सील आहे आणि बॅटरी गळ्यापर्यंत भरलीय," ते म्हणाले. "मग हे पाणी आलं कुठनं? नळाचं घातलंस. सील फोडायचा कंटाळा, म्हणून नळाखाली तांब्या धरलास आणि ओतलास. आणि मला रोज सांगायचास, भरपूर."

मी नाही म्हणालो. दुसऱ्यांदा नाही म्हणालो तेव्हा माझं मलाच ते खोटं वाटलं, कारण त्यांचा हिशेब बरोबर होता आणि माझ्याकडं दुसरा हिशेब नव्हता. दोशीकाकांनी दुसरीकडं बघितलं. त्यांच्या सोबतचा एकजण आपल्याच पायांकडं बघायला लागला. आळशी म्हणून मला बोलून घ्यायची सवय होती, लबाड म्हणून नव्हती. ती शेड, ती हिरवी पाटी सगळं डोळ्यांसमोरून पुसलं गेलं हे खरं. पण त्याहून मला खात होतं ते हे, की वडील परक्या माणसांसमोर मला खोटारडा म्हणतात आणि मला त्यांच्याकडं वर बघवत नाही.

त्याच वेळी अक्का विहिरीकडून आली. पांढरं लुगडं, ओलं गाळणं खांद्यावर, हातात पितळेची कळशी. तिनं शेवटचं तेवढं ऐकलं असावं. कळशी तिनं पायरीवर ठेवली आणि आण्णांच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

"त्याला कशापायी बोलायलास, भूपाल?" ती म्हणाली. "पाण्याची हयगय त्यानं केलेली न्हाई. पाणी रोज मी घालतेय त्यात."

दोशीकाका वळून तिच्याकडं बघायला लागले.

"आपण पाणी प्यायच्या आधी राबणाऱ्या जनावराला पाजायचं, आईनं शिकवलंय मला," ती पुढं म्हणाली. "हे पोरगं झाकणं काढून नुसतं बघायचं आणि लावून टाकायचं. म्हटलं, तहानलेलं ठेवू नये. माझं प्यायचं पाणी, गाळलेलं, तापवून निवलेलं. तोंडापर्यंत भरून द्यायचे रोज. त्याच्याहून शुद्ध पाणी सांग मला कुठलं असतंय. तेव्हा पाण्याबद्दल त्याला काय बोलू नकोस."

ती माझी बाजू मांडत होती. तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दोशीकाकांना कळलं. त्या दोघांनाही कळलं, त्यातला एक तर ओठ चावून हसू दाबत होता. न कळलेली एकटी अक्का होती.

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. बापलेकांनी एकमेकांच्या डोळ्यांत असं सरळ बघायची आमच्यात पद्धत नव्हती. त्या एका नजरेत त्यांनी मला काय काय सांगितलं ते मला शब्दांत मांडता येणार नाही. पण मला दिसत होतं ते त्यांनाही दिसत होतं. समोर डोंगर होता. ऊन चढत होतं. हिला आत्ता कळलं तर ही कळशी पालथी करणार, पाण्याचा थेंब घेणार नाही, पायरीला पाय लावणार नाही आणि आयुष्यभर धरलेली इच्छा इथंच टाकून कोरडी परत फिरणार. आणि जन्मभर जे एकच काम तिच्या हातून कधी चुकलं नाही म्हणून गाव तिचं नाव घेत होतं, त्याच कामानं बॅटरी मारली हे तिला त्या हसणाऱ्या माणसासमोर ऐकावं लागणार.

"तुझं पाणी चांगलंच होतं, अक्का," आण्णा म्हणाले. "पाण्याचा दोष नाही. ह्यानं चार्जिंगच केलेलं नाही. मी उगाच पाण्यावर गेलो." आणि मग माझ्याकडं न बघता, "काय रे? केलंतंस चार्जिंग?"

मी खाली बघितलं. "नाही," मी म्हणालो. "विसरलो, अक्का. माझीच चूक."

अक्काचा चेहरा पडला. माझ्यासाठी पुढं आलेली ती, आता मागं सरली. एवढं एक काम बापानं दिलं होतं तेही झालं नाही का तुझ्यानं, म्हणाली. लोकांसमोर बापाची मान खाली घालायला लावलीस. आणखीही बोलली. ती मला कधी रागं भरली नव्हती, म्हणून तिला ते धड जमतही नव्हतं, आणि म्हणून ते जास्त लागलं. दोशीकाका घसा खाकरून म्हणाले की बघू, मंडळात विषय काढतो. सगळ्यांना कळलं की विषय निघणार नाही. त्यांना खरं माहीत होतं, पण त्यांचं तरी काय चुकलं? म्हातारीनं बिघडवलेली वस्तू चारचौघांत पोराच्या माथी मारणारं घर त्यांनी बघितलं होतं, आणि असल्या घराशी व्यवहार नको असंच त्यांना वाटलं असणार.

अक्का कळशीतलं घोटभर पाणी पिऊन डोंगर चढली. मी तिचा हात धरून बरोबर होतो, कारण आण्णांच्या गुडघ्यांना पायऱ्या झेपत नव्हत्या. अर्ध्या वाटेवर तिनं हात सोडवून घेतला आणि एकटी चढली. मला वाटलं, अजून रागावली आहे. वर गाभाऱ्यात ती डोळे मिटून बराच वेळ बसली. मी खांबाला टेकून उभा राहिलो. देवासमोर काय मागावं ते त्या दिवशी मला सुचलं नाही.

परतीच्या वाटेवर आण्णा माझ्याशी बोलले नाहीत. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी माझ्या कामाच्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर ती काचेची नळी. आण्णा पलीकडं लेथवर पाठ करून उभे होते. तेवढंच. शेड झाली नाही, पाटी लागली नाही. ती आता लागूही शकत नव्हती, कारण अक्का विचारणार, चार्जिंग विसरणाऱ्याच्या हातात कसा देतोस धंदा? आण्णा तिच्यासाठी खोटं बोलले आणि मग त्यांना ते खोटं पोसत राहावं लागलं. मी ट्रॉल्यांचे पत्रे कापत राहिलो.

आणि अक्का ती गोष्ट सांगत राहिली. हळदीकुंकवाला सांगितली, बारशाला सांगितली. भरतेशच्या हातात बॅटरी देऊ नका, असं म्हणून ती सुरू करायची. बोरगावची माणसं मला बघायला आली तेव्हा पोहे देता देता सांगितली. पोरीचे वडील खूप हसले आणि परत आले नाहीत. प्रत्येक वेळी मी मान खाली घालायचो. आण्णा तिथं असले तर उठून बाहेर जायचे. मला वाटायचं, एकदा तरी त्यांनी बसून राहावं. ट्रेलर वर्कशॉपच्या मागं लिंबाखाली उभा होता, पुन्हा कुठं गेला नाही. त्यात घातलेली नवी बॅटरी मात्र मी नीट ठेवली. दर महिन्याला चार्जर लावायचो, टोकं पुसायचो, त्या नळीनं एकेक खण मोजायचो. कशासाठी, ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

अशी काही वर्षं गेली. एका भाद्रपदात, पर्युषण संपून क्षमावणीचा दिवस होता. आमच्यात त्या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांना हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत चुकलं असेल तर क्षमा असावी, म्हणतात. पाठ झालेलं वाक्य असतं, म्हणताना कुणी थांबत नाही. सकाळी अक्का घरात सगळ्यांना ते म्हणून झाली, फक्त माझ्याकडं आली नाही. दुपारी मी ट्रेलरमध्ये होतो, फळी उचलून बॅटरीत पाणी घालत होतो. दाराशी सावली पडली. अक्का पायरी धरून उभी होती. तिच्या मागं वर्कशॉपच्या दारात आण्णा.

तिनं हात जोडले. मला वाटलं, आता ते वाक्य येईल. ते आलं नाही.

"पाणी माझंच होतं," ती म्हणाली. "बॅटरी माझ्या पाण्यानं मेली."

मी काहीतरी पुटपुटलो, तसं नाही अक्का, कुणी सांगितलं. तिनं मान हलवली.

"कुणी सांगायला कशाला पायजे? तुझ्या बापानं तुझ्याकडं बघितलं आणि तू खाली बघितलंस. तिथंच कळलं मला. आंधळी न्हवं मी." तिचा श्वास लागला होता, ती थांबली. "बोलले असते तर माघारी फिरावं लागलं असतं. डोंगर समोर दिसत होता. म्हटलं, आधी वर जाऊन येते, खाली आल्यावर सांगते. खाली आल्यावर जीभ उचलेना. मग तुझं नाव घेणंच सोपं पडत गेलं. जितकं सांगितलं तितकं सोपं."

आण्णा दारातून हलले नाहीत. मी वर्षानुवर्षं मनात ठरवून ठेवलं होतं की कधी खरं बाहेर आलंच तर मला किती मोकळं वाटेल. आणि सत्तरीपलीकडची, माझ्या बापाला वाढवलेली बाई माझ्यासमोर हात जोडून उभी होती तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचे हात धरून खाली केले. ते गार होते, ओले होते. ती विहिरीवरून पाणी गाळून थेट आली होती.

तिनं हात सोडवले नाहीत. बाकाखालच्या उघड्या बॅटरीकडं, मग शेजारच्या पांढऱ्या डब्याकडं बघितलं.

"हे कसलं पाणी असतंय?"

"वाफेचं," मी म्हणालो. "पाणी उकळून त्याची वाफ धरायची आणि परत थंड करायची. त्यात मग काहीच राहत नाही."

"आणि माझ्यात काय होतं?"

"क्षार, अक्का. जमिनीतले. ते कापडात अडकत नाहीत आणि उकळून जात नाहीत." बॅटरी तोंडापर्यंत भरल्यामुळं मेली होती, क्षारांचा दोष त्यात थोडाच होता, पण ते मी बोललो नाही.

तिनं खांद्यावरचं गाळणं काढून हातात घेतलं. दुहेरी घडीचं, कित्येक वर्षं धुऊन मऊ पडलेलं. उन्हासमोर धरून तिनं ते एकदा आरपार बघितलं.

"एवढं गाळूनसुद्धा राहतंच की मग," ती म्हणाली, आणि हात पदराला पुसून, ते पुन्हा जोडत आण्णांकडं वळली.